पाण्याच्या रांगेतल्या उंचबाई

दाराच्या चौकटींची इतक्या वेळा माफी मागणारं माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरं झालं नसेल, हे मी छातीठोकपणे सांगते. आमच्या उंचबाई सहा फुटांहून चार बोटं जास्तच भरल्या असत्या, आणि आमच्या गावात घरं बांधणाऱ्यांनी असला देह डोळ्यांपुढे धरून चौकटी बसवल्या नव्हत्या. आत जाताना एकदा आणि बाहेर येताना एकदा त्यांचं कपाळ वर आपटायचं आणि दर वेळी त्या चौकटीकडे वळून अगदी मनापासून म्हणायच्या, "क्षमा करा." चौकटीला! पहिले आठ दिवस पोरं हसून हसून लोळली. मग त्यांना सवय झाली आणि पहिलीतली चिल्लीपिल्लीसुद्धा ठेच लागली की दगडाला क्षमा करा म्हणायला लागली. एवढी आदळआपट होऊनही उंचबाई वाकायला काही शिकल्या नाहीत. शेवटी काशाक्कांनी, म्हणजे ज्यांच्या घरात त्या राहायच्या त्या घरमालकिणीनं, चौकटीच्या वरच्या लाकडावर जुन्या गोधडीची घडी ठोकून टाकली. "कपाळ तिचं हाय, पर चौकट माजी हाय," असं त्यांनी मला कारण सांगितलं. काशाक्कांची माया ही अशीच असायची, वरून कडक.

लातूर उस्मानाबादेपासून वेगळं निघून नवा जिल्हा झालं, त्या सुमाराची ही गोष्ट. मी तेव्हा नुकतीच नोकरीला लागले होते आणि अहमदपूर तालुक्यातल्या एका आडगावच्या प्राथमिक शाळेत माझी नेमणूक झाली होती. एसटी फाट्यावर सोडायची, पुढं पायपीट. पावसानं लागोपाठ तोंड फिरवलेलं, विहिरींचे तळ दिसायला लागलेले. अशा गावात जूनमध्ये डेन्मार्कहून एक बाई वर्षभर शिकवायला येणार, असं कळलं तेव्हा मी आधी डेन्मार्क नकाशात शोधलं. करंगळीनं झाकलं जाईल एवढा देश, आणि तिथून एवढी मोठी बाई! त्यातून त्या बिनपगारी आल्या होत्या, स्वतःच्या हौसेनं. हा बिनपगारी शब्द आमच्या हेडमास्तर गुरुजींच्या काही केल्या पचनी पडेना. दोन दिवस त्यांनी कळ काढली आणि तिसऱ्या दिवशी हळूच विचारलं, "बाई, राग मानू नका, पण तिकडं तुमच्या हातून काही चूकबीक झाली का? न्हाई, बदली लई लांबची हाय म्हणून विचारलं." उंचबाईंनी गंभीरपणे विचार केला आणि म्हणाल्या, "चुका पुष्कळ झाल्या, गुरुजी. परंतु बदली मीच मागितली." गुरुजी हाय खाऊन आपल्या खुर्चीत जाऊन बसले.

त्यांचं मराठी कुठल्यातरी जुन्यापान्या पुस्तकातून शिकलेलं. शुद्ध तर इतकं, की माझीच मला लाज वाटायची. फक्त कुणाला काय म्हणायचं याचा पत्ता नव्हता. वाटेत म्हैस आडवी आली की म्हणायच्या, "आपण कृपया बाजूस सराल काय?" आणि म्हैस सरायची हो! आम्ही काठी घेऊन ओरडलो तरी ढिम्म हलायची नाही. उलट सरपंचांना भर चावडीवर त्यांनी विचारलं, "तू कसा आहेस? जेवलास?" सरपंच म्हणजे गावातला वजनदार माणूस, किराणा-कापडाचं दुकान, गळ्यात लिंग, कपाळाला विभूतीचे पट्टे, त्यांच्यासमोर बोलताना लोक पायातली चप्पल काढायचे. सरपंच म्हणाले, "जेवलो माय. आई गेल्यापासून मला असं कुणी विचारलंच न्हवतं." त्या दिवसापासून उंचबाईंचं सगळ्या गावाला अरेतुरे माफ झालं. जेवणाच्या बाबतीतही तेच. ठेच्याचा पहिला घास घेतला तेव्हा डोळ्यांतून, नाकातून धारा लागल्या, चेहरा तांबडालाल, आणि तोंडानं चाललेलं, "उत्तम आहे. अजून थोडा." काशाक्का पदरानं तोंड झाकून हसत होत्या आणि वाढतही होत्या.

परदेशी माणूस म्हणून त्यांना मधूनमधून कसल्याशा कागदावर शिक्का घ्यायला लातूरला जावं लागे. पहिल्या वेळी मी सोबत गेले. तिथं सगळंच नवं नवं, कुठलं टेबल कुठल्या खोलीत हे शिपायालाही विचारून घ्यावं लागत होतं. कारकून भला माणूस होता. म्हणाला, "बाई, तुम्ही जशा हितं नव्या, तसे आम्हीबी नवेच. बसा, चहा घ्या, मिळून शोधू." चहाबरोबर नेहमीचा प्रश्न आलाच, "यजमान काय करतात?" हा प्रश्न त्यांना दिवसातून एकदा तरी कुणीतरी विचारायचंच. आपल्याकडं बाईमाणसाशी बोलायला दुसरी सुरुवात आहे कुठं? आणि दर वेळी उंचबाई एकदम पिशवीत काहीतरी शोधायला लागायच्या, नाहीतर आभाळाकडे बघून पाऊस कधी येईल ते विचारायच्या. गावानं आपापसात ठरवून टाकलं की बाई बिनलग्नाची आहे, एवढ्या उंचीचा नवरा मिळाला नसणार. मीही तेच धरून चालले होते.

शाळेतली पोरं त्यांनी दिवाळीपर्यंत वाचती केली. पण त्यांचा जीव अडकला होता तो पोरांच्या आयांमध्ये. गावात वाचता येणारी एक बाई नव्हती, मला सोडून. संध्याकाळी बायांचा वर्ग काढला, कुणी येईना. कामावरून खडी फोडून यायचं, स्वयंपाक करायचा, वर्गाला कोण येतंय? मग एके दिवशी त्यांनी पाण्याची रांग बघितली. टँकर कधी येईल हे टँकरवाल्यालाही ठाऊक नसायचं, त्यामुळं शाळेपुढच्या मैदानात घागरी रांगेत मांडून बायका लिंबाच्या सावलीला तासन्‌तास बसून असत. "ताई," उंचबाई मला म्हणाल्या, "इतक्या स्त्रिया येथे रिकाम्या बसतात! वर्ग येथेच भरेल." हे काशाक्कांनी ऐकलं. "रिकाम्या? वाट बगणं म्हंजी बी काम असतंय, माय." पण वर्ग भरला. घागरींच्या रांगेपुढं फळा टेकवून जगात दुसऱ्या कुठं साक्षरतेचा वर्ग भरला असेल तर मला दाखवा.

पहिल्याच दिवशी हजेरीपट भरायला बसल्या आणि घोटाळा झाला. बाईचं नाव विचारलं, मिळालं. नवऱ्याचं नाव विचारलं, तर सगळ्याजणी पदरात तोंड घालून खुसुखुसु. आमच्याकडं नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाहीत, ह्यांनी-त्यांनी करून, नाहीतर पोराचा बाप म्हणून भागवतात, आणि घ्यायचंच झालं तर उखाण्यात. हे मी सांगायच्या आत एक धीट पोरगी उठून म्हणाली,

"टँकर आला दारात, घागर भरली काठोकाठ,
मल्लिकार्जुनाचं नाव घेते, सोडा माझी वाट."

उंचबाई लिहीत गेल्या. दुसरी म्हणाली,

"जिल्हा झाला लातूर, साहेब आले जीपनं,
शिवराजांचं नाव घेते, बसते आता चूपनं."

तेही लिहून झालं. संध्याकाळी हजेरीपट बघते तो काय, नवऱ्याच्या नावाच्या रकान्यात सगळेच्या सगळे उखाणे! रकाना पुरला नाही म्हणून बाजूला चिठ्ठ्या चिकटवलेल्या. "भारतीय नावे फार सुंदर असतात," त्या मला कौतुकानं म्हणाल्या, "परंतु टपालावर कशी लिहिता?" मी हसून हसून बेजार झाले. मग रीत समजावून सांगितली. त्यांना ती काही पटली नाही. "नाव म्हणजे दोन-तीन अक्षरे, ताई. त्यात भिण्यासारखे काय आहे?" असं म्हणून त्यांनी बायकांना पुढं महिनाभर चिडवलं.

मग त्यांनी चुन्यानं प्रत्येकीच्या घागरीवर एकेक अक्षर काढून दिलं. अक्षरही पाठ व्हावं आणि रांगेतली भांडणंही मिटावीत, असा दुहेरी डाव. चार दिवसांत भांडणं चौपट झाली. जिच्या वाट्याला ज्ञ आला ती सरळ येऊन म्हणाली, "मला शेवटचं अक्षर दिलंव म्हून पानी बी शेवटलंच यायलंय. हे काय बरूबर न्हाई." तिची समजूत घालून होते न होते तोच सकाळी बघावं तर रांगेत पाच घागरींवर अ! रातोरात आपापलं अक्षर पुसून बायांनी पहिलं अक्षर काढून ठेवलेलं. सगळीकडं आरडाओरडा, झिंज्या धरायचीच वेळ आली, आणि मधोमध उंचबाई टाळ्या पिटत उभ्या. "पाच जणींना अ काढता आला! न बघता!" भांडणाऱ्या बायाच गप्प झाल्या. असल्या बाईपुढं भांडायचं तरी काय, सांगा.

पण अक्षरं यायला लागली तरी खरं दुखणं राहिलंच. आमच्या बायांची पाठांतरं म्हणजे भयंकर. एकदा वाचून दाखवलेला धडा त्या पुस्तक उलटं धरून घडाघडा म्हणायच्या. गुरुजी खूश, तपासायला आलेले साहेब खूश. उंचबाई तेवढ्या कष्टी. "हे वाचन नव्हे," त्या म्हणायच्या. "जो शब्द कुणीच सांगितलेला नाही, तो कागदावरून उचलला पाहिजे. ते वाचन." म्हणून त्या नवनवे शब्द फळ्यावर लिहायच्या, तर बाया फळ्याकडं बघायच्याच नाहीत. त्यांच्या चेहऱ्याकडं बघायच्या. उंचबाई उन्हानं घामेजून आल्या असल्या की "पंखा!" जेवायची वेळ झाली की "भाकर!" आणि दहातल्या आठ वेळा बरोबर! उंचबाई फळ्यावर जे शब्द लिहायच्या, ते सगळे त्या बायांच्या रोजच्या जगण्यातलेच. ओळखायला कितीसा वेळ लागणार? उंचबाईंनी पाठमोरं उभं राहून बघितलं, डोळे मिटून बघितलं. काही उपयोग नाही.

काशाक्का तर वर्गाकडं पाठ करूनच बसायच्या. सुपातली ज्वारी निवडत, सगळ्यांच्या घागरींवर नजर ठेवत. "माजं डोकं म्हंजी पाटा हाय. त्यावर वरवंटा फिरंल, अक्षर न्हाई फिरायचं." त्यांचा नवरा ऐन तारुण्यात गेलेला. पोरबाळ नाही, दोन म्हशी आणि हे घर, एवढ्यावर बाईनं आयुष्य काढलेलं. उंचबाईंनी त्यांच्या हातात पाटी द्यायचे सगळे प्रयत्न करून बघितले आणि सोडून दिले. घरात मात्र दोघींचं गूळपीठ. संध्याकाळी ओसरीवर बसून एक म्हशीच्या खोड्या सांगायची, दुसरी समुद्राच्या. समजायचं किती कुणास ठाऊक, पण हुंकार वेळेवर पडायचे.

चैत्र लागला तसा उंचबाईंचा चेहरा उतरायला लागला. शाळेला सुट्टी लागली की त्यांना परत जायचं होतं. एका दुपारी टँकर येऊन गेल्यावर चिखलाच्या कडेला फळा पुसत त्या म्हणाल्या, "ताई, मला एक शब्द हवा होता. फक्त एक. एका बाईच्या तोंडून, मी न सांगितलेला." मी म्हटलं, "बाई, नावं लिहायला शिकल्या की त्या. कमी आहे का ते?" त्या हसल्या. "कमी नाही. पण त्या मला बघतात, ताई. अक्षर बघत नाहीत. मी गेले की सगळे संपेल." आणि फळा तसाच अर्धवट पुसलेला ठेवून आत गेल्या. त्या दिवशी चौकटीची क्षमाही मागितली नाही, तेव्हा मला कळलं की हे लागलंय फार.

जायच्या आदल्या दिवशी मी शाळेच्या ओसरीत चैत्रातलं हळदीकुंकू केलं. आंबा त्या वर्षी धरलाच नव्हता, म्हणून कैरीची डाळ नाही की पन्हं नाही, भिजवलेले हरभरे आणि गुळाचं पाणी. गुळाच्या पाण्यासाठीसुद्धा प्रत्येकीनं आपल्या घागरीतलं तांब्याभर आणलं होतं. काशाक्का विधवा, म्हणून रीतीप्रमाणे आत न येता बाहेरच्या पायरीवर खांबाला टेकून बसल्या. गाणी झाली, उखाणे झाले, आणि मग बायांनी उंचबाईंना घेरलं. "वर्सभर आमाला नाव घ्या नाव घ्या केलाव. आता तुमी घ्या. कुणी आसंल तेचं घ्या, आमी काय सांगत न्हाई कुणाला." टाळ्या वाजायला लागल्या. उंचबाई हसत हसत उभ्या राहिल्या, तोंड उघडलं, आणि शब्दच फुटेना. पुन्हा उघडलं. पुन्हा नाही. चेहरा लालबुंद. "लाजल्या, लाजल्या!" पोरी ओरडल्या. "आता कळलं का बाई, कसं व्हतंय ते!" पण मी जवळ होते, मला त्यांचे ओठ दिसत होते. ते लाजणं नव्हतं. हळूहळू बायांच्याही ध्यानात आलं आणि टाळ्या थांबल्या.

उंचबाईंनी खाली वाकून एक पाटी उचलली, तिच्यावर काहीतरी लिहिलं आणि समोरच्या पोरीच्या हातात दिली. तिनं सवयीनं आधी बाईंच्या तोंडाकडं बघितलं. तिथं तर सगळा कोरा कारभार. "साखर?" ती म्हणाली. उंचबाईंनी मान हलवली. पाटी दुसरीकडं गेली. "सासर?" तिसरीनं नुसतीच पुढं सरकवली, "आमच्या पुस्तकात न्हाई ह्ये." हाताहातांतून पाटी ओसरीच्या टोकाला गेली आणि तिथून कुणीतरी ती ठेवायची म्हणून बाहेर पायरीवर ठेवली, काशाक्कांच्या शेजारी. काशाक्कांनी ती मांडीवर घेतली. उंचबाईंकडं त्यांची पाठ होती, नेहमीसारखी. वर्षभर घागरींवरची अक्षरं बघत आणि पाठीमागचा वर्ग ऐकत बसलेल्या त्या, बोट ठेवून पुटपुटायला लागल्या. "य. य ला काना, वर मात्रा. यो. ह ला काना, हा. आन्‌ हा न." मग जरा मोठ्यानं, "यो-हा-न. योहान." आणि मागं वळून, "ह्ये काय गं माय? आसला शबुद आपल्यात न्हाई. कुणाचं नाव हाय का काय?"

उंचबाईंनी आधी मास्तरणीसारखं उत्तर दिलं. "बरोबर आहे. बरोबर वाचलंत." आणि मग त्या मोठ्यानं रडायलाच लागल्या. सबंध वर्षात मी त्यांना ठेच्याशिवाय रडताना बघितलं नव्हतं. "माझे मालक," त्या म्हणाल्या. "मालक, असंच म्हणता ना तुम्ही? आजारी पडले आणि गेले. चार वर्षे झाली. तेव्हापासून हे नाव माझ्या तोंडातून निघत नाही. मला वाटायचे, मी फक्त एकटीच अशी." अख्ख्या वर्षात त्यांना हवा होता तो एक शब्द मिळाला होता, आणि तो कुठला मिळावा? माझ्या हातात कुंकवाचा करंडा होता, तो मी खाली ठेवून दिला.

काशाक्का पायरीवर जरा बाजूला सरकल्या. "हितं ये." उंचबाई बाहेर जाऊन त्यांच्याजवळ बसल्या. "मी बी न्हाई घेतलं," काशाक्का म्हणाल्या. "व्हते तवा लाजनं न्हाई घेतलं. गेल्यावर घ्यायला तोंडच उरलं न्हाई. कुणी इचारलं तर सांगाया लागंल म्हून मानसात बसनं सोडलं." मग त्यांनी पेन्सिल मागितली आणि पाटीवर, योहानच्या खाली, वेडीवाकडी, कलंडलेली चार अक्षरं काढली. खूप वेळ लागला. पाटी उंचबाईंच्या हातात देऊन म्हणाल्या, "आता तू वाच. मोट्यानं वाच. तुला काय, तू लांबची."

"नागनाथ," उंचबाईंनी वाचलं.

"आजून येकदा."

"नागनाथ."

काशाक्का डोळे मिटून ऐकत होत्या. त्या गावात कितीक वर्षांत ते नाव कुणी उच्चारलं नव्हतं, आणि उच्चारलं ते एका परक्या बाईनं, परक्या जिभेनं. मी पुढं पुष्कळ शाळा केल्या, देगलूरकडे गेले, किनवटला आश्रमशाळेतही राहिले, बरीच पोरं आणि बऱ्याच बाया शिकवल्या. पण वाचणं म्हणजे काय ते मला त्या पायरीवर समजलं. दुसऱ्या दिवशी उंचबाई फाट्यावरून एसटीत बसल्या. दारातून चढताना कपाळ आपटलं, क्षमा मागून झाली, कंडक्टर चक्रावून बघत राहिला आणि गाडी निघून गेली. काही वर्षं पत्रं आली. मग माझ्या बदल्या झाल्या, त्यांचाही पत्ता बदलला असेल, मधला धागा तुटला तो तुटलाच.

काशाक्का मात्र त्यानंतर सुटल्याच. दिसेल ते वाचायचं. साबणाचा कागद, भिंतीवरच्या निवडणुकीच्या जाहिराती, खताची पोती, देवळातल्या फरशीवर देणगीदारांची नावं, सगळं मोठ्यानं. म्हातारपणी डोळे अधू झाले तेव्हा मी त्यांना लातूरला दवाखान्यात नेलं होतं. स्टँडवर उतरल्याबरोबर त्यांनी माझा हात सोडला आणि गर्दीत मधोमध उभं राहून गाड्यांच्या पाट्या वाचायला लागल्या. "उ-द-गी-र. नि-लं-गा. नां-दे-ड." लोक हसत होते, वाट काढून जात होते. आणि एकेक पाटी वाचून झाली की काशाक्का मान वळवून वर बघायच्या. माझ्याकडं नाही. माझ्या डोक्याच्या हातभर वर, जिथं कुणीच नव्हतं तिथं बघायच्या, बरोबर आलं का ते विचारायला.